एमआरआयमध्ये नाक डोक्यामागे का दिसतं?

मेंदूच्या बाजूने घेतलेल्या चित्रात कधीकधी नाकाचा शेंडा डोक्याच्या मागच्या भागावर उमटलेला दिसतो. यंत्र बिघडलेलं नसतं. चौकट नाकाच्या अलीकडेच संपवलेली असते, एवढंच. ती चौकट आपण पडद्यावर आखतो, कॉइलला, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या अँटेनाला, तिची काही खबर नसते. कॉइलच्या टप्प्यातल्या प्रत्येक प्रोटॉनचा (शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्राचा) सिग्नल ती गोळा करते.

पण मग नाक नेमकं उलट्या बाजूलाच का? चित्राच्या एका दिशेत जागेची खूण असते फेज, म्हणजे प्रोटॉन फेऱ्यात कुठवर पोचलाय ते. घड्याळाच्या काट्यासारखंच हे: 10 अंश आणि 370 अंश यांत फरक कळत नाही. चौकट जिथे संपते तिथे एक फेरा पुरा होतो आणि पलीकडचा भाग पहिल्या कडेपासून पुन्हा मोजला जातो. समजा चौकट 240 मिलिमीटर आणि शरीर 320. दोन्ही बाजूंचे 40-40 मिलिमीटर दुमडून समोरच्या कडेवर पडतात आणि मधले 160 मिलिमीटरच स्वच्छ राहतात.

दुसऱ्या, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या दिशेत (जिथे सिग्नलच्या कंपनांच्या वेगावरून जागा ओळखतात) हा त्रास नसतो. तिथे जास्त नमुने घेऊन बाहेरचं फिल्टरने कापता येतं आणि वेळही वाढत नाही. म्हणून शरीराची आखूड बाजू फेजच्या दिशेला ठेवायची, हा पहिला उपाय. तेवढ्याने भागलं नाही तर फेज ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे फेजच्या दिशेत चौकटीबाहेरचाही भाग मोजायचा आणि नंतर कापून टाकायचा. 100 टक्के घेतलं की वेळ दुप्पट होतो, पण सरासरी (तोच सिग्नल किती वेळा मोजायचा तो आकडा) दोनऐवजी एकच ठेवली की वेळ पूर्वीइतकाच लागतो आणि चित्राची स्वच्छताही टिकते. हा सौदा माहीत असूनही कित्येकदा केला जात नाही, हे खटकतं.

हलणाऱ्या अवयवांचा प्रश्न वेगळा. पाठीच्या कण्याच्या चित्रात हृदय, महाधमनी, गिळताना हलणारा घसा यांची भुतं, म्हणजे खोट्या प्रतिमा, फेजच्या दिशेने सरकत मज्जारज्जूवर येतात. इथे सॅच्युरेशन बँड, म्हणजे सिग्नल दाबून टाकणारा पट्टा, लागतो. चित्रासाठीच्या मूळ पल्सच्या (रेडिओ लहरींच्या झटक्याच्या) आधी फक्त त्या पट्ट्याला 90 अंशांची पल्स द्यायची, लगेच जोरदार ग्रेडियंटने (जागेनुसार बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने) तिथला सिग्नल विस्कटून टाकायचा आणि क्षणात चित्राची पल्स सोडायची. पट्ट्यातल्या प्रोटॉनकडे तेव्हा द्यायला जवळपास काही उरलेलं नसतं. पट्टा मणक्यांच्या पुढे ठेवायचा, पण मणक्याला चिकटवायचा नाही, नाहीतर मणक्याची पुढची कडाच काळवंडते.

‘जवळपास’ हा शब्द महत्त्वाचा. 1.5 टेस्ला ताकदीच्या चुंबकात चरबीचा टी1, म्हणजे सिग्नल सावरायला लागणाऱ्या वेळेचं माप, साधारण 250 ते 300 मिलिसेकंद. पल्सनंतर 20 मिलिसेकंद गेले तरी सुमारे 7 टक्के सिग्नल परत येतो. 3 टेस्लाला रेडिओ क्षेत्र शरीरात सारखं पसरत नाही. 90 मागितले आणि एखाद्या जागी 70 अंशच मिळाले, तर तिथला तिसरा हिस्सा सिग्नल शाबूत राहतो. शिवाय प्रत्येक पट्टा वेळ खातो आणि शरीराला मिळणारी ऊर्जा वाढवतो. उगाच चार पट्टे टाकू नयेत.

या तंत्राची खरी परीक्षा मेंदूच्या स्पेक्ट्रोस्कोपीत होते, म्हणजे सिग्नलच्या फ्रीक्वेन्सीवरून तिथली रसायनं ओळखण्याच्या तपासणीत. टाळूखालच्या चरबीची शिखरं आलेखाच्या पट्टीवर 0.9 आणि 1.3 पीपीएमला (फ्रीक्वेन्सीतल्या फरकाचं एकक) येतात, लॅक्टेट या रसायनाचं 1.33 ला. मेंदूतल्या लॅक्टेटचा सिग्नल इतका क्षीण असतो की थोडी चरबी आत शिरली तरी लॅक्टेट वाढल्याचा भास होतो. गाठीच्या तपासणीत ही चूक महागात पडते. म्हणून निवडलेल्या चौकोनाभोवती सहा-आठ पट्टे कवटीच्या वळणानुसार तिरके लावतात. तरीही एक सापळा राहतोच: पट्टा पडद्यावर दिसतो तिथे चरबीसाठी नसतो. 3 टेस्लाला चरबी आणि पाणी यांत साधारण 440 हर्ट्झचं अंतर असतं. पल्सची बँडविड्थ (तिच्यातल्या फ्रीक्वेन्सींची रुंदी) 1500 हर्ट्झ आणि पट्टा 30 मिलिमीटर जाड असेल, तर चरबीवरचा पट्टा जवळजवळ 9 मिलिमीटर सरकतो. ग्रेडियंटची दिशा उलटी केली की तो दुसरीकडे सरकतो. तो कवटीकडे सरकेल अशी दिशा निवडणं आणि शक्य तेवढी रुंद बँडविड्थ घेणं, हे दोन्ही करावं लागतं.

यंत्राच्या बोगद्याच्या टोकाजवळून येणारा सिग्नल मात्र पट्ट्याला दाद देत नाही. तिथे चुंबकीय क्षेत्र ढळतं, ग्रेडियंट वाकडे होतात, त्यामुळे पट्टा पडायला हवा तिथे पडतच नाही. कण्याच्या चित्रात चौकटीच्या कडेला चकाकते ठिपके किंवा पिसासारखी रेघ दिसली, की कॉइलची यादी उघडावी आणि चौकटीबाहेरचे जे एलिमेंट (कॉइलचे छोटे भाग) चालू राहिले असतील ते बंद करावेत.