पॅनिक : कळपाकडून छातीच्या धडधडीकडे

पॅन हा ग्रीसमधल्या आर्केडिया या डोंगराळ मुलखातला गुराख्यांचा देव, कमरेखाली बोकड आणि वर माणूस. 'पॅनिक' हा शब्द त्याच्यावरून आला. काही कारण दिसत नसताना कळप उधळला, की तो पॅनचा प्रताप, असं एक स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. ते पटण्यासारखं आहे, पण जुने लेखी दाखले जास्त करून लष्करी छावण्यांतले आहेत.

इ. स. पूर्व चौथ्या शतकात एनिअस टॅक्टिकस या लष्करी लेखकाने छावणीत रात्री अचानक उठणाऱ्या घबराटीवर एक प्रकरणच लिहिलं. त्याचे उपाय अगदी व्यवहारी होते: सैनिकांनी जागा सोडायची नाही आणि ही नुसती हूल आहे, असं शेजाऱ्याला सांगत जायचं. कारणही उघड आहे. अंधारात उठून पळणारा माणूस शेजाऱ्याला शत्रूच वाटतो. इ. स. पूर्व ४०१ मध्ये ग्रीक छावणीत अशीच घबराट पसरली, तेव्हा सेनानी क्लिआर्कसने दवंडी पिटवली: शस्त्रांच्या जागेत गाढव सोडणाऱ्याचं नाव जो सांगेल, त्याला एक टॅलेंट (वजनाचं एक मोठं जुनं माप) चांदी! कारण क्षुल्लक आहे हे कळताच सैनिक शांत झाले.

म्हणजे मुळात हे भय समूहाचं होतं. एकट्या माणसाचा 'पॅनिक डिसऑर्डर' हा स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात आला तो १९८० साली. या झटक्यात छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास कोंडतो, आता मरणार असं वाटतं. काही मिनिटांतच हे सगळं टोकाला पोहोचतं.

मेंदूतला अमिग्डाला हा भाग भीतीचं केंद्र मानला जातो. पण तो दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या, साप-कोळ्यांनाही न भिणाऱ्या एका स्त्रीला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा तिला पॅनिकचा झटका आला. २०१३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. बाहेरच्या धोक्याची भीती आणि शरीराच्या आतून उठणारी भीती यांच्या वाटा वेगळ्या असाव्यात, असा त्याचा अर्थ लावतात.

झटक्यात भराभर श्वास घेतला, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उलट घटतो. बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि भीती आणखी वाढते. श्वास सावकाश सोडत राहावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला मात्र टाळावा, कारण त्रास हृदयाचा किंवा दम्याचा असेल, तर त्यात ऑक्सिजन कमी पडतो. छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, तर ते पॅनिकच आहे असं घरी ठरवू नये. ईसीजी काढून घ्यावा.