कृत्रिम नॅनोपदार्थांच्या पर्यावरणीय वर्तनाची प्रतिमाने

रंग, सनस्क्रीन, जंतुरोधक कापड अशा उत्पादनांतून सुटणारे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण हवा, पाणी, माती व गाळ यांत किती आणि कोणत्या रूपात पोहोचतील, याचा अंदाज बांधणारी गणिती प्रतिमाने.

विरघळलेले रसायन पाणी आणि गाळ यांच्यात कालांतराने समतोल साधते. त्यामुळे ‘विभाजन गुणांक’ (समतोलात दोन्हींकडच्या प्रमाणांचे गुणोत्तर) हाताशी असला की भागते. नॅनोकण विरघळलेले नसतात, पाण्यात तरंगत असतात. गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणाला एकदा चिकटले की ते सहसा सुटत नाहीत. अशा ठिकाणी समतोलाचे गणित लावण्यात अर्थ नाही. कण किती वारंवार एकमेकांवर आदळतात हे पाहावे लागते. त्याचा पाया पोलिश भौतिकशास्त्रज्ञ मारियान स्मोलुखोव्स्की यांनी १९१७ च्या सुमारासच घातला होता. आदळलेल्यांपैकी चिकटतात किती, हा मात्र यातला सर्वांत डळमळीत आकडा. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये ऱ्हाईन नदीसाठी प्रतिमान केले. हा आकडा मोठा धरला, तर टायटॅनियम डायऑक्साइडचे कण सोडल्या जागेजवळच तळाला बसतात. लहान धरला, तर दूरवर वाहत जातात.

त्याआधीचा प्रश्न जमाखर्चाचा: उत्पादन किती आणि त्यातले गटारात किती? कंपन्या उत्पादनाचे आकडे सहसा सांगत नाहीत. संशोधक म्यूलर आणि नोवाक यांनी २००८ मध्ये स्वित्झर्लंडसाठी मांडलेल्या हिशेबात पाण्यातील नॅनो-टायटॅनियम डायऑक्साइड लिटरमागे ०.७ ते १६ मायक्रोग्रॅम निघाले. एवढी तफावत पाहता, नंतर एका आकड्याऐवजी संभाव्यतेचे वितरण (कोणते मूल्य किती संभाव्य, याचा पट) देण्याची पद्धत पडली हे योग्यच झाले.

चांदीच्या कणांचे रूप वाटेतच पालटते. मैलापाण्यातील गंधकाशी संयोग होऊन त्यांचे बहुतांशी सिल्व्हर सल्फाइड बनते. ते जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे विषारीपणाही घटतो. शुद्धीकरण केंद्रात त्यातले बरेचसे गाळात अडकते. स्वित्झर्लंडमध्ये हा गाळ जाळतात. जिथे तो खत म्हणून पसरतात तिथे चांदी थेट शेतात जाते. चांदीच्या बाबतीत नदीपेक्षा या गाळाची विल्हेवाट अधिक निर्णायक ठरते.

प्रतिमानाचे उत्तर पडताळणे सर्वांत अवघड, कारण टायटॅनियम निसर्गातही मुबलक आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतल्या इल्मेनाइट या खनिजातही ते असतेच. व्हिएन्नातील आल्टे डोनाऊ या पोहण्याच्या तलावात संशोधकांनी टायटॅनियमचे, निसर्गात त्याच्यासोबत आढळणाऱ्या ॲल्युमिनियम, नायोबियम आदी मूलद्रव्यांशी असलेले प्रमाण तपासून सनस्क्रीनमधल्या कणांचा माग काढला.