लग्नाच्या शूटिंगला सिने लेन्स कुठून आली

ठाण्याच्या नौपाड्यातल्या हॉलमध्ये लग्न शूट करणाऱ्याच्या बॅगेतून आता जडशीळ, ऑटोफोकस नसलेली सिने लेन्स, म्हणजे सिनेमाच्या शूटिंगसाठीच्या घडणीची लेन्स, निघाली तर कुणाला नवल वाटत नाही. कड्यांवर दाते, बाजूला टी १.०५ असा आकडा.

हा आकडा (एफ किंवा टी) जितका लहान, तितकं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं भोक, मोठं. एवढं मोठं अ‍ॅपर्चर ही आजची करामत नव्हे. फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीची १६ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठीची २५ मिमी एफ ०.९५ लेन्स १९५०च्या दशकातली. १९६४ मध्ये रेंजर ७ यानाने चंद्रावर आदळण्याआधी जे फोटो पाठवले, त्यातले काही याच लेन्सने टिपलेले. कॅननची ५० मिमी एफ ०.९५ आली १९६१ मध्ये. त्सैसच्या सुपर स्पीड सिने लेन्स सत्तरच्या दशकात सेटवर पोचल्या, पण लग्नवाल्याला त्यांचं भाडंही झेपण्यातलं नव्हतं.

जुन्या छोट्या लेन्स वापराव्यात तर डीएसएलआरमध्ये आरसा आडवा यायचा. त्याच्यापायी कॅननच्या ईएफ माउंटपासून (माउंट म्हणजे लेन्स बसते ते कॅमेऱ्याचं तोंड) सेन्सरपर्यंत ४४ मिमी अंतर ठेवावं लागे. १६ मिमीवाल्या सी-माउंट लेन्सला हवं जेमतेम साडेसतरा. २००८ मध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिकने मायक्रो फोर थर्ड्स हे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांचं माउंट आणलं, आरसा गेला, अंतर वीस मिमीच्या आत आलं. मग हौशी लोकांनी स्वस्तातल्या अडॅप्टर रिंगा लावून जुन्या सिने लेन्सच काय, सीसीटीव्हीच्या लेन्ससुद्धा बसवल्या. फ्रेमचे कोपरे काळे पडायचे, तरी हौस दांडगी.

जपानच्या कोसिनाने २०१० मध्ये फोक्टलेंडर नावाने याच माउंटसाठी २५ मिमी एफ ०.९५ काढली. २०१२ च्या १७.५ मिमीमध्ये अ‍ॅपर्चरचं कडं फिरवताना होणारी टिकटिक बंद करायची सोय आली; माझ्या मते व्हिडिओवाल्यांची खरी दखल तिथे घेतली गेली. २०१४ मध्ये मिताकॉनची ५० मिमी एफ ०.९५ सोनीच्या फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यांसाठी आली आणि पुढे चिनी कंपन्यांची रांग लागली. मोटर नाही, चिप नाही, कॅमेऱ्याशी बोलायची भानगड नाही, म्हणून किंमत आवाक्यात.

लोक ०.९५ वर भाळतात, पण मला विचाराल तर खरी कमाई फोकसच्या कड्याची. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्सचं कडं नुसतं मोटरला इशारा देतं. जोरात फिरवलं तर फोकस जास्त सरकतो, हळू फिरवलं तर कमी, त्यामुळे खूण करून उपयोग नसतो. मेकॅनिकल कड्यावर टेपची खूण जागची हलत नाही. मंगलाष्टकं चालू असताना फोकस अंतरपाटावर, पलीकडच्या नवरीची खूण आधीच केलेली. अंतरपाट दूर झाला की कडं थेट त्या खुणेवर. ऑटोफोकस अशा वेळी कापडावरच घुटमळण्याची भीती असते. दाते असतात ते फॉलो फोकससाठी, म्हणजे कडं फिरवायच्या बाहेरच्या चाकासाठी, ०.८ मॉड्यूल या दात्यांच्या ठरलेल्या मापाचे. एफ हा आकडा नुसत्या मापावरून निघतो, टी मात्र काचांतून प्रत्यक्ष पार होणारा उजेड सांगतो. दोन कॅमेऱ्यांचे शॉट एडिटला शेजारी आले आणि उजेड जुळला की टीची किंमत कळते.

पूर्ण उघडून शूट करणं मात्र जोखमीचं. फुल फ्रेमवर ५० मिमी, ०.९५, नवरी मीटरभरावर असेल तर फोकसची खोली जेमतेम दोन-सव्वादोन सेंटीमीटर मिळते. नथ धरली की डोळे सुटतात. म्हणून हॉलच्या झगमगाटात शहाणा माणूस २.८ या आकड्यावर राहतो आणि टी १.०५ ठेवतो रात्री मासुंदा तलावाच्या काठावरच्या प्री-वेडिंगसाठी.