साल छापलंय म्हणून ती व्हिंटेज पोर्ट होत नाही

कोणीतरी पोर्तुगालला फिरून येतं, येताना पोर्टोहून एक बाटली आणतं, लेबलवर मोठ्या अक्षरात १९९८ असं छापलेलं असतं, आणि मग फोटो टाकून खाली लिहितात, 'व्हिंटेज पोर्ट आणलीये, मुलीच्या लग्नात उघडणार.' बाटली नीट बघितली तर ती असते कोल्हेटा, म्हणजे एकाच सालाची टॉनी (लाकडी पिंपात मुरवलेली पोर्ट), जी मुलीच्या लग्नापर्यंत ठेवून काडीचाही फायदा नाही. दुसरा प्रकार म्हणजे २० वर्षांची टॉनी विकत घेऊन 'अजून दहा वर्षं कपाटात ठेवली की ३० वर्षांची होईल' असं म्हणणारे. होणार नाही. दहा वर्षांनी ती २० वर्षांचीच टॉनी राहील, फक्त जरा शिळी.

पोर्ट म्हणजे काय हे बहुतेकांना माहितीये, म्हणून पटकन सांगतो. पोर्तुगालमधलं डोरू नदीचं खोरं, ज्याची हद्द १७५६ सालीच आखून दिली गेली, तिथली द्राक्षं, दोन-तीन दिवस आंबवायची आणि साखर शिल्लक असतानाच त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओतून आंबणं थांबवायचं, म्हणून ती गोडही राहते आणि साधारण २० टक्के कडकही होते. गोव्यात पोर्ट वाईन म्हणून जी स्वस्त गोड बाटली मिळते ती वेगळी, तिच्याबद्दल मी इथे बोलत नाहीये.

आता खरा मुद्दा. पोर्ट किती वर्षांची आहे हा प्रश्न अर्धवट आहे, ती वर्षं कुठे गेली ते विचारा. व्हिंटेज पोर्ट लाकडी पिंपात फक्त दोनेक वर्षं असते, मग न गाळता बाटलीत भरतात, लांब बूच मारतात, आणि पुढचं सगळं आयुष्य ती बाटलीच्या आत, हवेशिवाय काढते. टॉनीचं बरोबर उलटं. ती १०, २०, ४० वर्षं पिंपातच असते, लाकडातून हवा थोडी थोडी आत शिरत राहते, वाईन थोडी थोडी उडून जाते, रंग उतरत जातो, आणि बाटलीत भरली की तिचं वाढणं संपलं. एक बरणीला दादरा बांधून मुरवलेलं लोणचं आणि दुसरं उन्हात पुटं देत देत वाळवलेलं आमसूल, दोन्ही जुनी झाल्यावरच चांगली लागतात, पण आमसूल डब्यात भरून ठेवल्यावर ते आणखी वाळत नाही ना, तसंच.

म्हणून कोल्हेटामुळे घोळ होतो. तिच्यावर साल असतंच, कारण ती एकाच हंगामाची असते, पण किमान सात वर्षं ती पिंपात असते आणि चांगल्या घरांच्या (म्हणजे पोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांच्या), उदाहरणार्थ कोप्केच्या, बाटल्या तर कितीतरी दशकं पिंपात राहिलेल्या असतात. लेबलवर कुठेतरी बारीक अक्षरात बाटलीत कधी भरली ते लिहिलेलं असतं. ते वाचा! साल १९९८ आणि बाटलीत भरली २०१९ म्हणजे तुमच्या हातात २१ वर्षं पिंपात काढलेली टॉनी आहे, आजच प्या. साल २००० आणि भरली २००२ म्हणजे व्हिंटेज. बूच बघूनही बरंच कळतं, टॉनीला शक्यतो वर टोपी असलेलं, हाताने निघणारं बूच असतं आणि व्हिंटेजला स्क्रू लागतो. (एलबीव्ही, म्हणजे लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणून तिसरा प्रकार असतो, त्यावरही साल असतं, ती चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरतात, बहुतेक वेळा गाळलेली असते, घ्या आणि प्या, एवढंच.)

आता चवीचं. व्हिंटेज पोर्ट दर वर्षी जाहीर होत नाही, म्हणजे साल उत्तम असेल तरच घरं त्या सालाची व्हिंटेज काढायचं ठरवतात, दशकात साधारण तीनेक वेळा, १९६३, १९७७, १९९४, २०००, २०११ ही गाजलेली सालं, आणि २०१६ आणि २०१७ असं लागोपाठ दोनदा बहुतेक घरांनी जाहीर केलं तेव्हा तर चर्चाच झाली. बाटलीत भरल्यावर पहिली तीन-चार वर्षं ती काळी-जांभळी, ग्लासच्या पलीकडचं दिसत नाही इतकी गडद, करवंदं आणि जांभळं, वर व्हायोलेट फुलांचा वास, आणि टॅनिन एवढं की कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ आवळते. 'एवढी महाग बाटली इतक्या लवकर उघडायची?' असं विचारतात लोकं. उघडायची, मला ही अवस्था मनापासून आवडते, सोबत एखादा झणझणीत ब्ल्यू चीज हवा.

मग साधारण पाचव्या-सहाव्या वर्षापासून ती गप्प होते. ताजं फळ गेलेलं, जुनेपणाचा वास अजून आलेला नाही, गोडवा आणि स्पिरिट वेगवेगळं लागतं. हे पंधरा वर्षांपर्यंतही चालू शकतं. आणि नेमकी याच वयात लोकं बाटली उघडतात, 'दहा वर्षं झाली, आता तयार असेल' म्हणून, आणि मग पोर्ट ओव्हररेटेड आहे असं जाहीर करून टाकतात. मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो, कारण वाईनची काहीच चूक नसते, अजून दहा वर्षं थांबायला हवं होतं किंवा सात वर्षं आधी उघडायला हवं होतं.

वीस वर्षांनंतर ती परत बोलायला लागते. कडा विटकरी होते, मधे अजून लाल असतं, वासात सुकं अंजीर, मनुका, डार्क चॉकलेट, थोडी तंबाखू, टॅनिन विरघळल्यासारखं मऊ झालेलं. २५ ते ३५ हा माझ्या मते सगळ्यात सुंदर काळ.

पन्नाशी ओलांडली की मात्र गंमत होते, १९६३ सारखी बाटली ग्लासात ओतली की रंग इतका फिका झालेला असतो की ती टॉनीच वाटते, आणि इथे भलेभले म्हणतात की शेवटी दोन्ही एकच. अजिबात नाही! डोळे मिटून घोट घ्या. टॉनीत अक्रोड, भाजलेले बदाम, जळकी साखर, संत्र्याची सुकलेली साल येते, हे सगळं पिंपातल्या हवेचं काम आहे आणि हवेशिवाय ते तसं येत नाही. जुन्या व्हिंटेजमध्ये तो नटीपणा जवळपास नसतो, तिथे फळ बारीक होत होत गेलेलं असतं पण फळच असतं, सोबत सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, चहाची पत्ती, आणि शेवटी स्पिरिटचा हलका चटका. रंग दोघींचा सारखा झाला तरी वाट वेगळीच राहते.

टॉनीवरच्या आकड्याबद्दल हेही लक्षात घ्या की तो अनेक सालांच्या मिश्रणाचा असतो, त्या वयाच्या टॉनीची चव आहे की नाही हे चाखून ठरवतात. १० वर्षांच्या टॉनीत अजून लाल फळ असतं, २० ला फळ आणि अक्रोड बरोबरीने, ४० म्हणजे जवळजवळ सगळं सुकं आणि दाट, मधाच्या रंगाचं. पैसे घालायचे तर २० वर घालावेत, ४० ची एक छोटी चव पुरे होते.

प्यायच्या पद्धतीतला फरकही इथूनच येतो. व्हिंटेज न गाळता भरलेली, म्हणून तळाशी भरपूर साका असतो, आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवायची आणि हळूहळू डिकँटरमध्ये, म्हणजे वाईन ओतून घ्यायच्या काचेच्या भांड्यात, काढायची, शेवटचा गाळ बाटलीतच राहू द्यायचा. तो ग्लासात ओतून 'हाच तर अस्सल भाग' म्हणणाऱ्यांना मी माझ्या घरी ओतू देत नाही. इतकी वर्षं हवा न लागलेली वाईन आहे, उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवायची, जुनी असेल तर त्याच रात्री. टॉनीला हवेची सवय असते, उघडून फ्रिजमध्ये ठेवली तर महिनाभर छान राहते, आणि ती थंडच प्यावी, साधारण १२-१४ अंशांवर, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. आणि ते लिकरचे चिमुकले ग्लास कृपा करून वापरू नका, वास घ्यायला जागाच नसते त्यात.

मुंबई-पुण्यात राहून व्हिंटेज मुरवायची असेल तर वाईनचा फ्रिज लागतो, १३ अंशांच्या आसपास, बाटली आडवी, आणि वीज गेली तर बॅकअप. कपाटात ठेवलेली बाटली आपल्या एप्रिल-मेमध्ये शिजते, वीस वर्षांनी त्यात काही उरत नाही. एवढी सोय नसेल तर तिकडून येताना सरळ टॉनी किंवा कोल्हेटा आणा, मुरवायचं काम तिथल्या पिंपांनी आधीच करून ठेवलेलं असतं.