वैर शेजाऱ्याशीच का? हापूसच्या चुरशीची पार्श्वभूमी

एप्रिल उजाडला की आमच्या देवगड तालुक्यात प्रत्येक खळ्यात पेट्या भरायला माणसं बसलेली दिसतात. तळाला पेंढा, त्यावर एकेक आंबा हाताने चाचपून बसवलेला, वर बागेचं नाव छापलेला कागद. हात चालू असताना एक वाक्य ठरलेलं: "रत्नागिरीचो आंबो? साल बघ त्येची!" रत्नागिरीत गेलात तर तिथे देवगडचा उद्धार ऐकाल. वाशीच्या बाजारात कर्नाटकचा आंबा हापूसच्या नावाने खपतो आणि भाव पाडतो. त्याबद्दल तक्रारी होतात, पण त्यांत हा आवेश नसतो. आवेश राखून ठेवलेला असतो तो शेजाऱ्यासाठी.

या कोड्यावर मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने शंभर वर्षांपूर्वी विचार केला होता. माणसं मुळात सारखी असतात आणि म्हणूनच त्यांच्यातले बारीकसारीक फरक वैराला पुरतात, हे त्याने १९१८ मध्ये मांडलं. १९२१ मध्ये समूहाच्या मानसशास्त्रावर लिहिताना त्याने जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरच्या गोष्टीतली साळिंदरं आठवली. थंडीत ऊब हवी म्हणून ती एकमेकांना चिकटतात, काटे टोचले की लांब सरकतात, पुन्हा कुडकुडतात, पुन्हा जवळ येतात. नवरा-बायको, मित्र, आईबाप आणि मुलं अशा जवळजवळ प्रत्येक जवळच्या नात्याच्या तळाशी नावडीचा गाळ साचतो. एरवी तो दाबलेला असतो, पण धंद्यातल्या भागीदारांच्या भांडणात उघडा पडतो, असं त्याचं म्हणणं. शेजारशेजारची दोन गावं एकमेकांची सर्वांत मत्सरी प्रतिस्पर्धी असतात, हेही त्याने तिथेच लिहिलं. त्याच्यासमोर युरोपातली गावं होती. मला मात्र ते वाचताना देवगड आणि रत्नागिरीच दिसली.

लंडनमध्ये मेलनी क्लाइन या मनोविश्लेषक बाईने हा धागा पुढे नेला. प्रेम आणि आक्रमकता तान्ह्या मुलात एकाच माणसाकडे, आईकडे, वळलेली असतात. आपण जिच्यावर प्रेम करतो तिलाच मनातून दुखावलं, ही टोचणी लागली की मूल झालेलं नुकसान भरून काढू पाहतं. ही मांडणी १९३७ ची. १९५७ मध्ये तिने मत्सरावर लिहिलं: समोरच्याचं ते चांगलं आहे, एवढ्याचसाठी ते नासवावंसं वाटणं. तिच्या विचारांत तयार झालेल्या एलियट जॅक्सने लंडनच्या एका धातू-कारखान्यात काम करून १९५१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मनोविश्लेषण कारखान्यात शिरलं ते अशा वाटेने.

व्यवसायातल्या डावपेचांचं शास्त्र मात्र वेगळ्याच घरात वाढलं. हार्वर्डच्या मायकेल पोर्टरने १९७९ मध्ये धंद्यातली स्पर्धा ठरवणाऱ्या पाच शक्ती मांडल्या: विद्यमान स्पर्धक, नवे येणारे, पर्यायी माल, पुरवठादार आणि ग्राहक. हापूसला हे चपखल बसतं. दलालाची ताकद त्यातून लगेच कळते. बोस्टनमध्ये १९६३ साली सल्लागार कंपनी काढणाऱ्या ब्रूस हेंडरसनने पुढे, १९८९ मध्ये, जीवशास्त्राचा आधार घेतला. एकाच अन्नावर एकाच पद्धतीने जगणारे दोन जीव फार काळ सोबत टिकत नाहीत, हे गाउझ या जीवशास्त्रज्ञाचं तत्त्व त्याने बाजाराला लावलं. म्हणजे सारखेपणातच संघर्ष असतो, या जागी तोही येऊन पोहोचला. त्याचा उपाय होता वेगळं होण्याचा. समोरच्याबद्दल वाटणाऱ्या ओढीचा हिशोब त्यात नाही, आणि मला वाटतं, कोकणातलं निम्मं गणित तिथेच अडतं.

आमची भावकी बघा. हद्दीचा चिऱ्यांचा गडगा वीतभर सरकला म्हणून दोन चुलतभावांत पिढ्यान्‌पिढ्या अबोला. हेच मोठ्या प्रमाणावर मानांकनाच्या वेळी दिसलं. भौगोलिक मानांकन, म्हणजे माल ठरावीक प्रदेशातलाच असल्याची कायदेशीर ओळख, कोणाच्या नावाने घ्यायचं, यावर देवगड आणि रत्नागिरीत बरीच वर्षं ताणाताणी झाली. शेवटी ऑक्टोबर २०१८ मध्ये ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाचही जिल्ह्यांच्या 'हापूस'ला मिळून एकच मिळालं. कागदावर सगळे भाऊ एका घरात आले. पेटीवर मात्र 'देवगड हापूस' आणि 'रत्नागिरी हापूस' हीच नावं ठळक राहिली.

आमच्या वाडीत गडग्यावरून बोलणं तुटलेली दोन घरं आहेत. एकाची पेटी दुसऱ्यापेक्षा दहा रुपये जास्त गेली की त्या रात्री तिथे जेवण गोड लागत नाही. पण एका वर्षी मे महिन्याच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, तेव्हा पहिल्याच्या खळ्यातल्या उघड्या पेट्यांवर ताडपत्री ओढायला गडगा ओलांडून दुसराच धावला. बोलला काहीच नाही. ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर चार चिरे ठेवले आणि भिजत परत गेला.