शेंगतेल, शाळूची भाकरी आणि स्लट्स्की: भाव वाढला की आपण कमी का घेतो याची पार्श्वभूमी

शेंगतेल महागलं की आमच्या घरात दोन गोष्टी होतात, एक म्हंजे आई फोडणीला सूर्यफुलाचं तेल काढते आणि दुसरं म्हंजे भजी-पापड बंदच. दोन्हीचं कारण एकच वाटतं, महागाई, पण ही दोन वेगळी कारणं आहेत (एक, दुसरं तेल तुलनेने स्वस्त पडतं; दुसरं, हातातला पैसा पुरत नाही) हे कागदावर मांडायला अर्थशास्त्राला बरीच वर्षं लागली.

उत्पन्नाची बाजू आधी कळली. १८५७ मध्ये अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने (मार्क्सचा मित्र एंगल्स तो वेगळा, परीक्षेत पोरं हमखास घोळ करतात) बेल्जियमच्या कामगारांचे घरखर्च तपासले आणि सांगितलं की कमाई वाढते तसा खर्चातला खाण्याचा वाटा घटतो. आपल्याकडं २०२२-२३ च्या सरकारी सर्वेक्षणात ग्रामीण घरात हा वाटा साधारण ४६ टक्के निघाला, १९९९-२००० ला तो ५९ च्या आसपास होता.

मग आला गिफेन. इंग्रज अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलने आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथाच्या १८९५ च्या आवृत्तीत रॉबर्ट गिफेन या संख्याशास्त्रज्ञाचं नाव घेऊन लिहिलं की ब्रेड महागला की गरीब कामगार ब्रेड उलट जास्त खातात, कारण मटण वगैरे परवडेनासं होतं आणि पोट तर भरायचंच असतं. महागली की जास्त घेतली जाते अशा वस्तूला म्हणून गिफेन वस्तू म्हणतात. गंमत म्हंजे गिफेनच्या स्वतःच्या लिखाणात असं काही शोधणाऱ्यांना सापडलेलं नाही! आणि पुस्तकात याला आयर्लंडच्या दुष्काळातला बटाटा चिकटवतात ते मला कधीच पटलं नाही, बटाटाच सडून गेला तर सगळे मिळून जास्त खाणार कुठून. आमच्या माण-खटावात ७२ च्या दुष्काळात लोकांनी रेशनची मिलो (परदेशी लाल ज्वारी) खाल्ली ती पण गिफेनची केस नाही, तिथं शाळूच (रब्बी ज्वारी) पिकला नव्हता, निवड करायला होतंच काय.

या दोन कारणांचा खरा उलगडा केला कीव्हच्या येवगेनी स्लट्स्की या अर्थतज्ज्ञाने, १९१५ मध्ये, तेही एका इटालियन मासिकात, ऐन महायुद्धात. कुणी बघितलंच नाही. १९३४ मध्ये इंग्लंडात हिक्स आणि ॲलन या अर्थतज्ज्ञांनी आपलं आपण तीच वाट शोधली आणि नंतर कळलं की हा माणूस आधीच इथून गेलाय. दोघांनीही मोठ्या मनाने श्रेय त्याला दिलं हे मला आवडतं.

स्लट्स्कीची युक्ती घरातल्या हिशोबाने बघा. समजा महिन्याला ४ किलो शेंगतेल लागतं, भाव १८० चा २४० झाला. आता आईच्या हातात वरचे २४० रुपये (४ किलोला किलोमागं ६०) ठेवा, म्हंजे जुनी यादी जशीच्या तशी घेता येईल. तरी ती शेंगतेल थोडं कमीच घेणार कारण सूर्यफूल आता तुलनेने स्वस्त पडतं. ही घट म्हंजे पर्यायता परिणाम. मग ते २४० काढून घ्या, आता आणखी जी घट होईल ती उत्पन्न परिणाम. हिक्सने जुन्या यादीऐवजी जुनं समाधान धरलं, म्हंजे पूर्वीइतकंच समाधान मिळेल एवढेच पैसे हातात ठेवायचे, एवढाच काय तो फरक, पण पोरांना सगळ्यात अवघड तोच जातो.

महागाई भत्त्यामागची कल्पना पण बरीचशी स्लट्स्कीचीच, ठरलेल्या वस्तूंची यादी घ्यायची आणि ती किती महागली ते बघायचं. थिअरी म्हणते, भत्ता पुरा मिळाला तर माणूस किंचित फायद्यातच राहतो, कारण तो स्वस्त पर्यायाकडं सरकतो. हे साताऱ्यातल्या एखाद्या मास्तरांना सांगून बघा, चहा पण पाजणार नाहीत.

गिफेन वस्तूला पक्का पुरावा मिळाला तो २००८ मध्ये. जेन्सन आणि मिलर या अर्थतज्ज्ञांनी चीनच्या हुनान प्रांतात गरीब घरांना तांदूळ स्वस्त करून दिला आणि लोकांनी भात कमी खाल्ला (महाग झाल्यावर जास्त खाण्याचीच ही उलटी बाजू), वाचलेल्या पैशात दुसरं काहीतरी खाल्लं. अगदीच कंगाल घरांत मात्र तसं दिसलं नाही.

आणि शाळू? आजीच्या वेळी चपाती सणाला नाहीतर पाहुणा आला तरच, हातात पैसा आला तशी भाकरी मागं पडली, म्हंजे पुस्तकी भाषेत निकृष्ट वस्तू. आता तीच भाकरी हायवेच्या हॉटेलात चपातीपेक्षा महाग आणि कारवाले मुद्दाम मागून खातात. धान्य तेच, खिसा बदलला.