सुरी घेताना पात्याचं पोट बघा
(नवीन सुरी घ्यायला आणि धार लावायला येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"चांगली सुरी दाखवा" म्हटलं की आम्ही आधी विचारतो, तुम्ही कापता कसं? दाबून, ओढून, की टोक फळीवर टेकवून मागेपुढे झुलवत? स्वयंपाकघरातल्या बहुतेक सुऱ्यांचे आकार या तीन हालचालींतूनच आले आहेत. नाव आठवलं नाही तरी चालेल, हालचाल सांगा.

घरची सुरी कोणत्या घाटाची आहे ते पोटावरून, म्हणजे धारेच्या बाहेरच्या गोलाईवरून, असं ओळखा. धार काचेवर अलगद टेकवा आणि पलीकडून मोबाइलचा टॉर्च मारा. पात्याच्या मध्यापासूनच उजेडाची फट सुरू होऊन टोकाशी ती चांगली रुंद होत असेल, तर ते फुगीर पोटाचं जर्मन घाटाचं पातं. सोलिंगेन हे तिथलं सुऱ्यांचं जुनं गाव. कोथिंबीर आणि लसूण झुलवत बारीक करायला हा घाट उत्तम. बरंच अंतर धार सरळ टेकून फक्त शेवटी वर उचलली असेल, तर फ्रेंच घाट, तो ओढून कापायला. आणि उजेड जवळजवळ दिसलाच नाही, तर ती फक्त भाजीची, जपानी नाकिरी. ती सरळ खाली दाबायची.

फट टोकाकडे नसून मधोमध दिसली तर तो कुठलाच घाट नाही. चाकावर घासून घासून धारेला खड्डा पडलाय. अशा सुरीने कांद्याची पात चिरली की तुकडे माळेसारखे जोडलेलेच राहतात. हे दुरुस्त होतं, पण पातं थोडं अरुंद होतं.

हल्ली ऑनलाइन मागवलेल्या जपानी सुऱ्या जास्त येतात, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर. १८७६ साली जपानमध्ये तलवार बाळगायला बंदी आली आणि पुष्कळ तलवारी घडवणारे लोहार सुऱ्यांकडे वळले. त्याच सुमारास तिथे गोमांस खाणं रूढ होऊ लागलं आणि फ्रेंच घाटावरून ग्युतो ही सुरी घडली. सांतोकू त्यानंतरची, विसाव्या शतकातली. मांस, मासे, भाजी तिन्हींसाठी घरगुती सुरी म्हणून ती आली. पाठ टोकाशी खाली उतरलेली, पोट बेताचं. विळीवर वाढलेल्या हाताला आमच्या मते हीच सगळ्यात लवकर जमते.

मासे साफ करायची जाड देबा आणि कच्च्या माशाचे पातळ काप काढायची लांब यानागिबा यांची गोष्ट वेगळी. यांना धार एकाच अंगाने असते, मागची बाजू किंचित खोलगट. रस्त्यावरच्या चाकावर दोन्ही अंगांनी घासली की सुरी कामातून गेली. आम्ही ती दगडावरच लावतो, वेळ लागतो. डावखुऱ्यांनी घेतानाच सांगावं, त्यांच्यासाठी उलट्या अंगाची वेगळी घडवावी लागते.

एक सूचना चायनीजच्या गाडीवाल्यांसाठी. चिनी चौकोनी सुरी दिसते सत्तुरासारखी, पण तिचं पातं पातळ असतं आणि ती भाजी आणि बिनहाडाच्या मटणासाठी असते. हाडावर मारली की धारेचे टवके उडणारच. हाडाला सत्तूरच हवा.

ट्रेकला नेतात ती पाठीला टोकाशी खाच काढल्यासारखी दिसणारी सुरी अमेरिकन बोवी. जिम बोवी या अमेरिकन माणसाच्या १८२७ च्या मारामारीनंतर ती गाजली. स्वयंपाकाला काही उपयोगाची नाही.

आपली विळी मात्र या कुठल्याच वर्गात बसत नाही. कुणी तिला मोरळी म्हणतं, बंगालमध्ये तिचीच बहीण बोटी. इथे पातं जागचं हलत नाही, भाजी पात्यावर सरकते, म्हणून धार आतून वळलेली चालते. कोयत्याचा बाकही आतलाच, पण तो फांदी ओढून धरायला. नेपाळी खुकरी पुढे झुकलेली असते, त्यामुळे वजन घावाच्या जागी येतं. जांभळी नाक्यावर भाजी घेऊन येताना विळी घेऊन आलात तरी आम्ही तिला धार लावतो, पण पाटापासून पातं सोडवून आणा.

सुरी आणताना पातं जाड पुठ्ठ्यात गुंडाळून टेप लावा. लोकलच्या गर्दीत पिशवीतून टोक बाहेर येतं. धार एका अंगाची आहे की दोन्ही, हे माहीत नसेल तर तसं सांगा, आम्ही बघूनच हात लावतो.